हिरड्यांचा आजार आणि सूज उतरवणारी औषधं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिरडी सुजली, रक्त आलं, ठणका लागला की मुंबईत पहिली फेरी होते ती नाक्यावरच्या केमिस्टकडे. दोन मिनिटांत चार गोळ्या कापून हातात पडतात, लोकल चुकत नाही आणि संध्याकाळपर्यंत ठणका खरंच थांबतो. त्या गोळीने हिरडीत काय बदललं आणि काय जसंच्या तसं राहिलं, ते इथे सविस्तर दिलं आहे. खाली दिलेल्या मात्रा एरवी धडधाकट असलेल्या प्रौढांसाठी आहेत. लहान मुलं, गरोदर बायका आणि किडनी, यकृत किंवा हृदयाचा आजार असलेली माणसं यांचा हिशोब वेगळा असतो.

हिरडी सुजते तेव्हा आत नेमकं काय चाललेलं असतं?

दात घासल्यानंतर काही तासांतच दाताच्या मुळाशी जंतूंचा चिकट थर बसू लागतो. तो रोज निघाला नाही तर लाळेतल्या क्षारांमुळे कडक होतो. त्यालाच आपण कीटण म्हणतो. कीटण ब्रशने निघत नाही. त्याच्या खडबडीत पृष्ठभागावर नवा थर आणखी पटकन बसतो आणि तो हळूहळू हिरडीच्या खाली सरकतो.

शरीर या जंतूंशी लढायला पांढऱ्या पेशी पाठवतं. त्या पेशी आणि हिरडीतल्या इतर पेशी मिळून प्रोस्टाग्लँडिन ई-२, इंटरल्युकिन-१, टीएनएफ अशी रसायनं सोडतात. रक्तवाहिन्या फुगतात, हिरडी लाल आणि मऊ होते, ब्रश लागताच रक्त येतं. इथवरचा आजार सफाईने पूर्ण बरा होतो. तो वर्षानुवर्षं रेंगाळला तर कोलॅजेनेजसारखी एन्झाइम्स दाताला धरून ठेवणारे तंतू विरघळवतात, हाड खाणाऱ्या पेशी जाग्या होतात आणि दाताभोवतीचं हाड झिजतं. हाच पायरिया, म्हणजे पेरिओडॉन्टायटिस. भांडण जंतू सुरू करतात, पण हाडाची मोडतोड बरीचशी आपल्याच शरीराच्या सुजेमुळे होते. सुजेवरच्या औषधांकडे संशोधक वळले ते याच कारणाने.

मग सूज उतरवणारी गोळी रोज घेतली तर हाड वाचायला हवं, नाही का?

हा प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याची रीतसर परीक्षाही झाली आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, फ्लर्बिप्रोफेन ही औषधं सायक्लोऑक्सिजिनेज नावाचं एन्झाइम रोखतात, त्यामुळे प्रोस्टाग्लँडिन कमी तयार होतं. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रुग्णांना फ्लर्बिप्रोफेन ५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, दीर्घकाळ दिलं. हाड झिजण्याचा वेग खरोखर मंदावला. पण दुसरं वर्ष सरता सरता हा फायदा ओसरला आणि औषध थांबवल्यावर झीज पुन्हा पूर्वीच्या चालीने सुरू झाली.

याची कारणं समजून घेण्यासारखी आहेत. पहिलं सरळ आहे: कीटण जागच्या जागी होतं, म्हणजे सुजेचं मूळ शाबूत होतं. दुसरं, प्रोस्टाग्लँडिन ही सुजेची एकच वाट. ती अडवली तरी त्याच कच्च्या मालापासून ल्युकोट्रायन्स ही सूज वाढवणारी दुसरी रसायनं तयार होत राहतात आणि इंटरल्युकिन व एन्झाइम्सचं काम चालूच राहतं. तिसरं, सूज वेळेवर शमवणारे रेणूही शरीर याच साखळीतून बनवतं, त्यामुळे साखळी फार काळ दाबून ठेवण्यात तोटाही आहे. हिरडीसाठी दोन-दोन वर्षं अशी गोळी खायची म्हणजे पोटात अल्सर आणि किडनीवर ताण ओढवून घ्यायचा. युरोपियन फेडरेशन ऑफ पेरिओडॉन्टॉलॉजीने २०२० च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटलं आहे की हिरडीखालच्या सफाईला जोड म्हणून ही औषधं पोटातूनही देऊ नयेत आणि हिरडीवर लावूनही नाहीत. आमचंही मत तेच आहे.

तसं असेल तर डेंटिस्ट या गोळ्या लिहून का देतात?

दुखण्यासाठी. डीप क्लीनिंग (हिरडीखालची सफाई), फ्लॅप शस्त्रक्रिया (हिरडी उघडून केलेली सफाई) किंवा दात काढल्यावर पहिले दोन-तीन दिवस ठणका आणि ओढल्यासारखं वाटतं, तेवढ्यापुरती. साध्या स्केलिंगनंतर, म्हणजे दातांवरचं कीटण काढल्यावर, बहुतेकांना एकही गोळी लागत नाही.

वेळ साधली तर कमी गोळ्यांत भागतं. भुलेच्या इंजेक्शनचा सुन्नपणा ओसरायच्या आत पहिली गोळी पोटात असली की दुखणं चढतच नाही. ओठ आणि गाल साधारण दोन-तीन तास जड राहतात. घरी पोचल्यावर काहीतरी मऊ आणि थंड खा, जीभ-गाल चावला जाणार नाही याकडे लक्ष ठेवा आणि जडपणा असतानाच गोळी घ्या. बोरिवली-विरारपर्यंतचा प्रवास असेल तर गोळी आणि दोन बिस्किटं सोबत ठेवलेली बरी. ठणका चढू दिला की पुढे दुप्पट गोळ्या खाव्याशा वाटतात, आणि चुका तिथेच होतात.

कोणती गोळी, किती आणि किती दिवस?

आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम, खाल्ल्यानंतर, सहा ते आठ तासांच्या अंतराने. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय दिवसाला १२०० च्या वर जाऊ नका. त्याच्या जोडीला पॅरासिटामॉल ५०० घेतलं तर दातांच्या तीव्र दुखण्यात दोन्ही मिळून एकेकट्या गोळीपेक्षा जास्त आराम पडतो, हे चांगलं सिद्ध झालेलं आहे. पॅरासिटामॉल दिवसभरात सगळं मिळून ३ ग्रॅमच्या आत ठेवा. रोज दारू घेणाऱ्यांसाठी मर्यादा याहून कमी आहे, ती डॉक्टरांना विचारा. आपल्याकडे फार लिहिली जाणारी दुसरी गोळी म्हणजे ॲसिक्लोफेनॅक १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. डायक्लोफेनॅक ५० दिवसातून दोन किंवा तीन वेळा, १५० च्या वर नाही. ही दोन्ही चिठ्ठीवरची औषधं आहेत.

पाण्यात विरघळणारी केटोरोलॅक १० मिलिग्रॅमची गोळी दातदुखीसाठी सर्रास मागितली जाते. ती जोरकस आहे आणि तेवढीच पोटाला व किडनीला बाधणारी. दिवसाला ४० मिलिग्रॅम आणि एकूण पाच दिवस ही तिची शेवटची मर्यादा. ‘दुखेल तेव्हा एक’ असं म्हणत महिनाभर घ्यायची ती गोळी नव्हे. नाइमसुलाइड बारा वर्षांखालच्या मुलांना द्यायला भारतात २०११ पासून मनाई आहे, तरी घरातली उरलेली गोळी अर्धी करून मुलाला दिली जाते. तसं मुळीच करू नका.

तीन दिवसांनंतरही गोळीशिवाय राहवत नसेल तर चौथ्या दिवशी दुसरी स्ट्रिप आणण्याऐवजी डेंटिस्टला फोन करा. दुखणं उतरणीला लागायला हवं होतं, ते चढतं आहे म्हणजे आत काहीतरी बिघडलं आहे.

स्ट्रिपवर काय वाचायचं?

नावाखालची बारीक अक्षरं. आपल्याकडे बहुतेक पेनकिलर मिश्र गोळ्या असतात. ‘ॲसिक्लोफेनॅक १०० अधिक पॅरासिटामॉल ३२५’ असं लिहिलेली गोळी दुपारी घेतली, संध्याकाळी कणकण वाटली म्हणून पॅरासिटामॉल ६५० घेतलं, रात्री घरातल्या कुणाची तरी ‘अंगदुखीची’ गोळी घेतली, तर तिन्हींत पॅरासिटामॉल आणि त्यांतल्या दोहोंत सुजेचं औषध असू शकतं. नावं वेगळी, रंग वेगळे, आतला माल एकच. सुजेची दोन औषधं एका वेळी घेतली तर आराम वाढत नाही, पोटातून रक्त जाण्याचा धोका मात्र वाढतो.

केमिस्टने स्ट्रिप कापून दिली की नाव किंवा एक्सपायरीची तारीख दुसऱ्या तुकड्यावर राहून जाते. कापण्याआधी पूर्ण स्ट्रिपचा मागून-पुढून फोटो काढून घ्या. पुढे रिॲक्शन आली किंवा दुसऱ्या डॉक्टरकडे जावं लागलं तर तो फोटो फार उपयोगी पडतो.

सुजेसाठी सेराशिओपेप्टिडेज किंवा ट्रिप्सिन-कायमोट्रिप्सिन घ्यावं का?

भारतात ही एन्झाइम्स भरपूर लिहिली जातात. त्यांचा पुरावा कमकुवत आहे आणि पायरियात त्यांनी हाड वाचतं असं काहीही दिसलेलं नाही. ॲसिक्लोफेनॅकच्या मिश्र गोळीत ती आपोआप येतात आणि किंमत वाढते. खिसा पाहून चालणाऱ्यांनी ती नसलेली साधी गोळी मागितली तरी काही बिघडत नाही.

‘कमी पॉवरची डॉक्सीसायक्लिन’ हिरड्यांवर चालते असं ऐकलं. ते काय आहे?

सुजेवर काम करणारं आणि खास हिरड्यांच्या आजारासाठीच मान्यता मिळालेलं हे औषध आहे, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर.

टेट्रासायक्लिन गटातली औषधं जंतू मारतात, शिवाय ती कोलॅजेनेज हे तंतू विरघळवणारं एन्झाइमही रोखतात, असं १९८० च्या दशकात लक्षात आलं. जंतूंवर परिणाम होणार नाही इतक्या कमी मात्रेतही हा दुसरा गुण टिकतो. त्यावरून २० मिलिग्रॅमची गोळी तयार झाली आणि १९९८ साली अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. ती दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने, तीन ते नऊ महिने घ्यायची असते आणि तीही डीप क्लीनिंग करूनच. नुसती गोळी कधीच नाही.

फायदा किती? अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१५ च्या आढाव्यानुसार नुसत्या सफाईने दाताची पकड सरासरी अर्धा मिलिमीटर सुधारते आणि ही गोळी जोडली तर आणखी सुमारे ०.३५ मिलिमीटर. तेवढ्यावर अमेरिकन तज्ज्ञांनी तिच्या बाजूने कौल दिला. युरोपच्या २०२० च्या मार्गदर्शिकेने मात्र ती वापरू नये असं सुचवलं. इतक्या थोड्या फायद्यासाठी महिनोन्‌महिने औषध द्यावं का, यावर दोघांचं उत्तर वेगळं आहे. आमच्या मते सरसकट सगळ्यांना तिची गरज नाही. सफाई नीट झाली आहे, घरची निगा चोख आहे आणि तरीही बऱ्याच जागी आजार पुढे सरकतो आहे अशा रुग्णाबाबत पेरिओडॉन्टिस्टने (हिरड्यांच्या तज्ज्ञाने) विचार करावा, एवढीच तिची जागा.

ती घेताना बारीकसारीक चुकांमुळे वाया जाते. दूध, कॅल्शियम, लोह आणि ॲसिडिटीची पातळ औषधं तिला पोटातच बांधून टाकतात, म्हणून जेवणाच्या किमान एक तास आधी पाण्यासोबत घ्यावी, चहा-दुधाबरोबर नव्हे. पूर्ण ग्लासभर पाणी हवं आणि लगेच आडवं व्हायचं नाही, कारण गोळी अन्ननलिकेत चिकटली तर तिथे जखम होते. उन्हात त्वचा भाजू शकते. गरोदर बायका आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ती देत नाहीत.

सर्वात मोठी चूक म्हणजे २० मिलिग्रॅमची मिळाली नाही म्हणून १०० मिलिग्रॅमची कॅप्सूल महिनाभर घेत राहणं. ती पुरेपूर अँटिबायोटिक मात्रा आहे. तिने जंतू औषधाला दाद देईनासे होतात. प्रत्येक केमिस्टकडे २० ची गोळी नसते, दोन दिवस आधी सांगून मागवावी लागते.

अँटिबायोटिक आणि सुजेची गोळी एकच का?

नाही. ॲमॉक्सिसिलिन किंवा मेट्रोनिडाझोल जंतूंवर काम करतात, सुजेवर नाही. हिरडीत पू होऊन ताप आला, गाल सुजला किंवा तरुण वयात आजार झपाट्याने वाढत असेल तर डॉक्टर ती देतात. मेट्रोनिडाझोलवर असताना आणि संपल्यानंतर किमान दोन दिवस दारू वर्ज्य. रक्त पातळ ठेवणारं ॲसिट्रॉम किंवा वॉरफरिन चालू असेल तर डेंटिस्टला आधी सांगा, मेट्रोनिडाझोलने रक्त आणखी पातळ होतं.

मला इकोस्प्रिन, बीपी किंवा शुगरच्या गोळ्या चालू आहेत. काय सांभाळायचं?

इकोस्प्रिन ७५, म्हणजे गुठळी होऊ नये म्हणून दिलेलं कमी मात्रेचं ॲस्पिरिन, सफाईसाठी आपणहून बंद करू नका. हिरडीतून थोडं जास्त रक्त येईल, ते गॉज दाबून थांबतं. गोळी बंद केल्याने रक्तवाहिनीत गुठळी झाली तर ती थांबवता येत नाही. आयबुप्रोफेन मात्र इकोस्प्रिनच्या कामात अडथळा आणू शकतं, म्हणून तुमच्यासाठी सहसा पॅरासिटामॉल बरं. क्लोपिडोग्रेल, ॲसिट्रॉम किंवा तत्सम औषध असेल तर सुजेची कुठलीही गोळी हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच.

बीपीच्या रुग्णांनी एक त्रिकूट लक्षात ठेवावं. टेल्मिसार्टन किंवा लोसार्टन, सोबत लघवी वाढवणारी गोळी आणि त्यावर डायक्लोफेनॅकसारखं औषध, हे तीन एकत्र आले की किडनी अचानक मंदावू शकते. टेल्मिसार्टनच्या कित्येक गोळ्यांत लघवीची गोळी आधीच मिसळलेली असते. ऑक्टोबरच्या उकाड्यात दिवसभर घामाघूम होऊन आणि पाणी कमी पिऊन अशी गोळी घेतली तर धोका आणखी वाढतो. या औषधांनी बीपीही चढतं. पँटोप्राझोल ही ॲसिडिटीची गोळी सकाळी उपाशीपोटी घेतली तर पोट वाचतं, किडनी नाही.

हिरड्या फुगून दातांवर चढत असतील आणि ॲम्लोडिपिन चालू असेल तर ती सूज औषधामुळेही असू शकते. मिरगीसाठी दिलेल्या फेनिटोइनने आणि किडनी बदललेल्यांना दिल्या जाणाऱ्या सायक्लोस्पोरिननेही असं होतं. तिथे पेनकिलर कामाची नाही. फिजिशियनशी बोलून बीपीची गोळी बदलता येते, फक्त आपल्या मनाने बंद करू नका.

मधुमेहात हिरडीची सफाई म्हणजे साखरेचाही उपचार आहे. पायरियाचे नीट उपचार झाल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) सरासरी ०.४ टक्क्याने उतरतो. असा फायदा कुठल्याही पेनकिलरने मिळत नाही.

दम्याच्या काही रुग्णांना ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनने दम्याचा झटका येतो. पूर्वी एकदाही तसं झालं असेल तर तो सगळा गटच वर्ज्य समजा.

पावसाळ्यात ताप आला आणि हिरड्यांतून रक्त येतंय. पेनकिलर घेऊ का?

नको. जून ते ऑक्टोबर मुंबईत हा प्रश्न फार महत्त्वाचा. डेंग्यूत प्लेटलेट्स उतरल्या की हिरड्यांतून आपोआप रक्त येऊ शकतं, ब्रश न लावताही. अशा वेळी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक किंवा ॲस्पिरिन घेतलं तर रक्तस्राव वाढतो. साचलेल्या पाण्यातून चालल्यानंतर ताप आला असेल तर लेप्टोचीही (लेप्टोस्पायरोसिस या पावसाळी संसर्गाची) शंका घ्यावी लागते आणि त्यात किडनी आधीच धोक्यात असते. तापासाठी फक्त पॅरासिटामॉल घ्या, भरपूर पाणी प्या आणि त्याच दिवशी फिजिशियनकडे जाऊन रक्ततपासणी करून घ्या. स्केलिंग ताप आणि प्लेटलेट्स मार्गी लागल्यावर.

हळद, लवंगेचं तेल, मिश्री यांनी सूज उतरते का?

हळदीतल्या कर्क्युमिनच्या जेलवर भारतात बऱ्याच छोट्या चाचण्या झाल्या आहेत. सफाईनंतर लावल्यास हिरडीची लाली थोडी कमी झाल्याचं काहींत दिसतं. स्वयंपाकघरातली हळद-मीठ-तेल चोळण्याने अपाय नाही, पण जाडं मीठ रगडू नका, हिरडी सोलवटते. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, एका ग्लासात अर्धा चमचा, कुठल्याही उपचाराच्या आड येत नाहीत. लवंगेचं तेल निव्वळ थेंबभर, कापसावर आणि थोड्याच वेळापुरतं. हिरडीवर तसंच ठेवलं तर भाजतं. ॲस्पिरिनची गोळी गालात धरून ठेवणाऱ्यांची हिरडी पांढरी पडून सोलली जाते, कारण ती आम्लाची जखम असते.

मिश्रीबद्दल स्पष्टच बोलायला हवं. तव्यावर भाजलेल्या तंबाखूची ती पूड घासली की हिरडी बधिर होते, म्हणून कित्येक घरांतल्या आजी-मावशींना तीच औषध वाटते. तंबाखूने हिरडी दातावरून खाली उतरते, मुळं उघडी पडतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. निकोटिनमुळे हिरडीचा रक्तपुरवठा आकसतो, त्यामुळे रक्त येणं थांबतं आणि आजार बरा झाल्यासारखा वाटतो. आत हाड झिजतच असतं. तंबाखू चालू असताना सफाईचा आणि औषधांचाही गुण निम्म्यानेसुद्धा येईलच अशी खात्री देता येत नाही.

जेल, गम पेंट आणि माउथवॉशचं काय?

केटोरोलॅक ०.१ टक्क्याच्या चुळीने हाडाची झीज मंदावल्याचं १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं होतं, पण ती नेहमीच्या उपचारात आली नाही. बेंझिडामिन ०.१५ टक्के ही सूज आणि वेदना कमी करणारी चूळ शस्त्रक्रियेनंतर झोंबणं कमी करते, १५ मिलिलिटर अर्धा मिनिट तोंडात फिरवून थुंकायची. क्लोरहेक्सिडीन ०.२ टक्के जंतूंसाठी आहे: १० मिलिलिटर, एक मिनिट, दिवसातून दोनदा, दोन आठवडे. पेस्टने दात घासल्यावर अर्धा तास थांबून ती घ्या, नाहीतर पेस्टमधला फेस तिला निकामी करतो. चहा-कॉफीवाल्यांचे दात तिने तपकिरी होतात, ते डाग पॉलिशिंगने निघतात. गम पेंट चोळल्याने हिरडी तासभर घट्ट वाटते, खालचं कीटण तिथेच राहतं. स्टॅटिन (कोलेस्टेरॉलचं औषध) आणि मेटफॉर्मिन (मधुमेहाचं औषध) यांच्या जेलचे निष्कर्ष आकर्षक दिसतात, पण त्यातले बहुतेक अभ्यास एकाच संशोधनगटाचे आहेत आणि युरोपची मार्गदर्शिका त्यांनाही नको म्हणते.

स्टिरॉइड किंवा ओमेगा-३?

स्टिरॉइडची गोळी पायरियावर घेऊ नये. सूज झपाट्याने बसते, त्याखाली संसर्ग पसरतो आणि साखर चढते. ट्रायमसिनोलोनचं तोंडात लावायचं मलम तोंडातल्या फोडांसाठी आणि लायकेन प्लॅनस या तोंडाच्या आतल्या त्वचेच्या आजारासाठी असतं. ओमेगा-३ सोबत कमी मात्रेचं ॲस्पिरिन देण्याचे प्रयोग झाले आहेत, कल्पनाही चांगली आहे, कारण त्यातून सूज शमवणारे रेणू तयार होतात. पण पुरावा अजून थोडा आहे. बांगडे-तारली आवडत असतील तर जरूर खा, कॅप्सूलवर खर्च करण्याआधी सफाईचे पैसे बाजूला काढा.

गरोदरपणात हिरड्या सुजल्या आहेत.

हार्मोन्समुळे त्या सहज सुजतात. सफाई गरोदरपणात करता येते, चौथा ते सहावा महिना सर्वांत सोयीचा. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल. विसाव्या आठवड्यानंतर आयबुप्रोफेन-डायक्लोफेनॅक टाळायचंच, त्याने बाळाच्या किडनीवर आणि पुढे हृदयाजवळच्या रक्तवाहिनीवर परिणाम होऊ शकतो.

गोळीने सूज उतरली. आता सफाई करायलाच हवी का?

हो, आणि हीच या सगळ्यातली मुख्य गोष्ट आहे. पायरिया बहुतेक काळ दुखत नाही. दुखलं म्हणजे पू साठला, कीड दाताच्या आतल्या नसेला पोचली किंवा काहीतरी अडकलं. पू वाट काढून बाहेर पडला की दुखणं आपोआप थांबतं आणि श्रेय गोळीला मिळतं.

आजार किती आहे ते खुणा असलेल्या बारीक बोथट सळईने मोजतात. प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी ती हिरडीच्या कडेतून हळूच आत घालतात. तीन मिलिमीटरपर्यंत सळई गेली तर ठीक, चार किंवा जास्त आणि सोबत रक्त आलं तर तिथे खिसा झाला आहे. सहाच्या खिशात तुमचा ब्रश पोचत नाही, धागाही नाही. तिथलं कीटण भूल देऊन हातानेच किंवा अल्ट्रासॉनिक यंत्राने काढावं लागतं, सहसा दोन ते चार बैठकींत. सहा ते बारा आठवड्यांनी पुन्हा मोजतात. तेव्हाही सहा मिलिमीटरचे खिसे उरले तर फ्लॅप शस्त्रक्रियेचा विचार होतो. त्यानंतर दर तीन-चार महिन्यांनी तपासणी.

‘सफाई केली आणि दात सैल झाले, फटी पडल्या’ ही तक्रार फार ऐकू येते. दातांमधल्या मोकळ्या जागेत कीटण भरलेलं होतं आणि हिरडी सुजून वर आली होती. दोन्ही गेल्यावर आधीच झिजलेलं हाड उघड होतं. त्या फटींत आता तुमच्या मापाचा इंटरडेंटल ब्रश (दातांच्या फटींत फिरवायचा बारीक ब्रश) जातो, तो रात्री रोज फिरवा. थंड पाणी झोंबलं तर काही आठवडे सेन्सिटिव्हिटीची पेस्ट वापरा.

गोळी न घेता थेट हॉस्पिटल गाठायचं ते केव्हा?

हनुवटीखाली किंवा मानेत सूज उतरली, तोंड दोन बोटंही उघडेना, थुंकी गिळवेना, जीभ वर उचलल्यासारखी झाली, आवाज बदलला किंवा श्वास जड झाला तर १०८ ला फोन करा आणि कॅज्युअल्टीत जा. काळी विष्ठा, कॉफीसारखी उलटी, लघवी अचानक कमी होणं किंवा अंगावर गांध्या ही सुजेच्या गोळीची बाधा असते, गोळी बंद करून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

खासगी दवाखाना परवडत नाही. मुंबईत कुठे जायचं?

सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे आणि मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय. दोन्हीकडे हिरड्यांचा स्वतंत्र विभाग आहे. सकाळी लवकर पोचा, केस पेपर काढा आणि ‘हिरड्यांच्या विभागात दाखवायचं आहे’ असं सांगा. काम शिकणारे डॉक्टर करतात आणि वरिष्ठ तपासतात, त्यामुळे वेळ जास्त लागतो, एका खेपेत काम संपत नाही. तेवढी सवड काढूनच निघा.

नाश्ता करून आणि बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या घेऊन जा. सहन होत असेल तर त्या सकाळी पेनकिलर घेऊ नका, कुठला दात दुखतो ते नेमकं सांगता येतं. चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या स्ट्रिप्स, जुना ओपीजी (संपूर्ण जबड्याचा) एक्स-रे आणि मधुमेह असल्यास शेवटचा एचबीए१सीचा रिपोर्ट पिशवीत ठेवा. लिहून दिलेली गोळी जनऔषधी केंद्रात त्याच घटकाच्या नावाने मागितली तर बरीच स्वस्त पडते. चिठ्ठीवर ब्रँड असेल तर डॉक्टरांकडूनच घटकाचं नाव मोठ्या अक्षरांत लिहून घ्या.